मरियेची पालखी कुणाच्या खांद्यावर

मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी आईने मंदिरात जाऊन शुद्धीचा विधी करावा आणि एक कोकरू अर्पण करावं, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. ज्या घराला कोकरू परवडत नसे त्याच्यासाठी सवलत होती: होल्यांची किंवा पारव्याच्या पिलांची जोडी चाले. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमला येतात, तेव्हा ते पक्ष्यांची जोडी देतात. लूक त्यावर एका शब्दानेही भाष्य करत नाही. नियम ठाऊक असलेल्या वाचकाला घरची परिस्थिती तेवढ्यावरून कळत होती.

पुढे याच बाईच्या मस्तकावर एकेक मुकुट चढत गेला. ४३१ मध्ये इफिससच्या धर्मसभेने तिला देवाची माता म्हटलं. १८५४ मध्ये नवव्या पायसने तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धान्त जाहीर केला, १९५० मध्ये बाराव्या पायसने तिच्या सदेह स्वर्गोन्नयनाचा, आणि १९५४ मध्ये तिच्या राणीपदाचा सण चर्चच्या पंचांगात आला. सिद्धान्तातली मरिया अशी वर जात असताना मच्छीमार, गुलाम, खाणमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायांनी तिला खाली आपल्या वस्तीत ठेवून घेतलं होतं. नम्र मरिया गरिबांची कैवारी आहे, हे आज पोपपासून वाडीतल्या जपमाळ मंडळापर्यंत सगळेच म्हणतात. तो कैवार कुणी उभा केला, कुणी वापरला आणि कुठे तो नुसता बोलण्यापुरता राहिला, याचा हिशेब मात्र गुंतागुंतीचा आहे. माझं मत आधीच सांगतो. मूर्तीचा चेहरा किंवा धर्मशास्त्रातलं वचन पाहून मरिया कोणाच्या बाजूची हे ठरत नाही. पालखी कुणाच्या खांद्यावर आहे आणि उत्सवाच्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे, हे पाहिलं की उत्तर मिळतं.

मुळात जायचं तर लूकच्या पहिल्या अध्यायातलं गीत लागतं. गरोदर मरिया डोंगराळ भागात राहणाऱ्या आपल्या नातलग अलीशिबेला भेटायला जाते आणि तिथे देवाची स्तुती करते. लॅटिन परंपरेत हे गीत ‘माग्निफिकात’ म्हणून ओळखलं जातं. जुन्या करारात शमुवेलाची आई हन्ना जे गीत गाते, त्याच घाटाचं हे आहे. सत्ता, धान्य आणि मान या तिन्हींची देव उलथापालथ करणार, असा त्याचा आशय. गाणारी एका मांडलिक प्रांतातल्या आडगावची पोर आहे, हे ध्यानात घेतलं तर हे गीत सौम्य अजिबात नाही.

तरीही मठांत आणि राजवाड्यांच्या प्रार्थनाघरांत हे गीत शतकानुशतकं रोज संध्याकाळी लॅटिनमध्ये गायलं गेलं आणि कुठल्या राजाची झोप उडाली नाही. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात या गीतावर बंदी घातली होती, ग्वाटेमालात लष्कराने घातली होती, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. हुकमाची तारीख किंवा कागद कुणी दाखवत नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवतो. मला जास्त बोचतं ते हे, की बहुतेक ठिकाणी बंदीची गरजच पडली नाही.

याचं कारण नम्रतेच्या शिकवणीत आहे. नम्रता हा गुण मानला की तो शिकवता येतो, विशेषतः ज्यांनी मान खालीच घातलेली आहे त्यांना. लीनता ही लादलेली अवस्था मानली, तर ती कुणी लादली हा प्रश्न येतो. मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये या गीतावर भाष्य लिहिलं. मरिया आपल्या सद्गुणाची बढाई मारत नाही, आपल्या क्षुद्र स्थितीकडे देवाने पाहिलं एवढंच म्हणते, असा त्याचा आग्रह होता. मरियाभक्तीवर पुढे सर्वांत जास्त शंका घेणाऱ्या पंथाच्या प्रवर्तकाला हे दिसलं आणि भक्तांच्या चर्चला ते अधिकृतपणे म्हणायला आणखी साडेचारशे वर्षं लागली.

आता मेक्सिको. परंपरेने सांगितलेली कथा अशी. १५३१ च्या डिसेंबरात, स्पॅनिशांनी अझ्टेक राजधानी पाडल्यानंतर दहा वर्षांनी, हुआन दिएगो नावाच्या नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, माणसाला तेपेयाकच्या टेकडीवर मरियेचं दर्शन होतं. ती त्याच्याशी नाहुआत्ल या त्याच्या भाषेत बोलते आणि बिशप सुमारागाकडे निरोप देऊन पाठवते. इथे आपलं देऊळ व्हावं, असा तो निरोप. बिशप विश्वास ठेवत नाही. हुआन दिएगो परत येऊन विनवतो, की मी ओझी वाहणारा माणूस आहे, एखाद्या प्रतिष्ठिताला पाठव. ती ऐकत नाही, त्यालाच पुन्हा पाठवते. शेवटी त्याच्या अंगावरच्या जाड्याभरड्या वस्त्रावर तिची सावळी प्रतिमा उमटते. कथेतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट प्रतिमेचा चमत्कार नाही. बिशपने खेडुताचं ऐकून घ्यावं यासाठी ती हटून बसते, ही आहे.

इतिहास या कथेला सहज दुजोरा देत नाही. सुमारागाच्या उपलब्ध लिखाणात या घटनेचा उल्लेख नाही. १५५६ मध्ये फ्रान्सिस्को दे बुस्तामान्ते या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने प्रवचनात या भक्तीवर टीका केली आणि ती प्रतिमा मार्कोस नावाच्या इंडियन चित्रकाराने काढल्याचं म्हटलं. बेर्नार्दिनो दे साआगून याची तक्रार वेगळी होती. त्याच टेकडीवर पूर्वी तोनान्त्सिन या देवीची पूजा होत असे आणि लोक जुन्याच देवीला नव्या नावाने भजत आहेत, अशी त्याला शंका होती. दर्शनाची सविस्तर कथा छापून आली ती १६४८ मध्ये स्पॅनिशमध्ये आणि १६४९ मध्ये नाहुआत्लमध्ये. दोन्ही पुस्तकं मेक्सिकोत वाढलेल्या स्पॅनिश वंशाच्या धर्मगुरूंनी छापली. स्टॅफर्ड पूल या इतिहासकाराने १९९५ मध्ये मांडलं, की ही कथा सुरुवातीला इंडियनांपेक्षा या क्रिओल वर्गाच्या अभिमानाची होती. स्पेनच्या तोडीचा चमत्कार आपल्याही भूमीवर झाला, हे त्यांना सांगायचं होतं. १९९६ मध्ये तर ग्वादालुपेच्या महामंदिराचे प्रमुख गिलेर्मो शुलेनबुर्ग यांनीच हुआन दिएगोच्या ऐतिहासिकतेबद्दल शंका घेतल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्यांना पद सोडावं लागलं. तरी २००२ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने हुआन दिएगोला संतपद दिलं.

म्हणजे गरिबांची म्हणून जगभर गाजलेली मरिया कदाचित सुशिक्षितांच्या पुस्तकातून खाली आली. मला यात अडचण वाटत नाही. उगम कुठेही असो, पुढे तिला उचललं कुणी ते पाहावं. १८१० मध्ये मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्पेनविरुद्ध बंड पुकारलं, तेव्हा आतोतोनिल्कोच्या देवळातलं ग्वादालुपेचं चित्र त्याने निशाण म्हणून घेतलं. मागे चालणाऱ्यांत इंडियन आणि मिश्रवंशीय शेतमजूर हजारोंनी होते. राजाच्या फौजेने उत्तरादाखल ‘रेमेदिओस’ची मरिया आपली सेनापती म्हणून पुढे केली. एकाच बाईच्या दोन प्रतिमा दोन फौजांच्या आघाडीला होत्या. १९१४ मध्ये एमिलियानो सापाताचे शेतकरी सैनिक मेक्सिको शहरात शिरले ते टोप्यांना ग्वादालुपेची चित्रं लावून. आणि १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सेसार चावेसच्या नेतृत्वाखाली द्राक्षमळ्यांतले मजूर डेलानोपासून सॅक्रामेन्टोपर्यंत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चालत गेले, तेव्हा अमेरिकेचा झेंडा, युनियनचा झेंडा आणि ग्वादालुपेचा झेंडा बरोबर चालत होते. युनियनमध्ये फिलिपिनो होते, प्रॉटेस्टंट होते, धर्म न मानणारेही होते. संपाच्या मोर्चात मरिया कशाला, हा प्रश्न काहींनी विचारला. चावेसने झेंडा खाली घेतला नाही.

क्युबातल्या एल कोब्रेची गोष्ट याहून कमी माहीत आहे आणि माझ्या मुद्द्याला जास्त उपयोगी. १६१२ च्या सुमारास मीठ आणायला निघालेल्या दोन इंडियन भावांना आणि हुआन मोरेनो या आफ्रिकी वंशाच्या गुलाम पोराला नीपेच्या उपसागरात फळीवर तरंगणारी मरियेची लहान मूर्ती सापडली. ती तांब्याच्या खाणीच्या गावी, एल कोब्रेला आणली. हा पोरगा म्हातारा झाल्यावर १६८७ मध्ये चर्चच्या चौकशीत त्याची साक्ष नोंदवली गेली. मूर्तीचा पुरावा एका गुलामाच्या तोंडून आहे, हेच मुळी दुर्मीळ. पण हुआन मोरेनोचं नाव आणखी एका कागदावर आहे. खाण १६७० मध्ये राजाने जप्त केली आणि तिथले गुलाम राजाचे गुलाम झाले. १६७७ मध्ये त्यांना तिथून हलवण्याची वार्ता पसरली तेव्हा ते डोंगरात निघून गेले आणि त्यांनी अर्ज केला, की आम्हाला आमच्या गावातून आणि आमच्या देवळापासून तोडू नका. त्या अर्जामागेही मोरेनो होता. मारिया एलेना दीआस यांनी या गावाच्या इतिहासावर लिहिलेलं पुस्तक वाचलं की कळतं, मरियेचं देऊळ या लोकांसाठी गाव असण्याचा पुरावा होता. गाव आहे तर हक्क आहेत. पुढची शंभरावर वर्षं अर्ज, पळ, बंड आणि कोर्टकज्जे चालले. अखेर १८०१ मध्ये एल कोब्रेचे हजारावर गुलाम राजाज्ञेने मुक्त झाले. उर्वरित क्युबात गुलामगिरी १८८६ पर्यंत टिकली. मरियेने त्यांना सोडवलं असं भाविक म्हणतील. इतिहासकार म्हणेल, तिच्या देवळाभोवती ते संघटित राहिले म्हणून सुटले. दोन्ही विधानांत भांडण असायचं कारण मला दिसत नाही.

ब्राझीलमध्ये हेच काम ‘काळ्या माणसांच्या जपमाळ-मातेच्या बंधुमंडळां’नी केलं. गुलाम आणि सुटलेले गुलाम वर्गणी काढत, मेलेल्या भावाला धड पुरत, आजाऱ्याला मदत करत आणि जमेल तेव्हा एखाद्याची मुक्ती विकत घेत. साल्वादोर शहरातल्या पेलोरिन्यो भागात अशा मंडळाने अठराव्या शतकात बांधलेलं चर्च आजही उभं आहे. बांधकाम करणारे दिवसभर मालकाचं काम करून उरलेल्या वेळात तिथे राबत असत. गोऱ्या धर्माधिकाऱ्यांना हे चालत होतं, कारण गुलाम देवळात आहेत म्हणजे बंडात नाहीत, असा त्यांचा हिशेब. तो पूर्ण बरोबर निघाला नाही.

युरोपातली एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली दर्शनं मी भराभर ओलांडतो, कारण त्यांचा साचा एकच आहे. ला सालेतला १८४६ मध्ये गुरं राखणारी दोन पोरं. लूर्डला १८५८ मध्ये चौदा वर्षांची बर्नाडेट; बापाची गिरणी बुडालेली आणि कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहणारं. बेल्जियमच्या बान्नोला १९३३ च्या मंदीत बेकार कामगाराची अकरा वर्षांची मुलगी मारिएत. तिला दिसलेल्या बाईने आपली ओळखच ‘गरिबांची कुमारी’ अशी करून दिली. दर्शन नेहमी गरिबाला होतं आणि व्यवस्था नेहमी दुसऱ्याच्या हातात जाते. लूर्डला आगगाड्या भरून यात्रेकरू येऊ लागले, सरदार घराण्यांतल्या स्त्रिया आजाऱ्यांची सेवा करू लागल्या, राजेशाहीच्या पुरस्कर्त्यांनी तिथे प्रजासत्ताकाविरुद्ध शक्तिप्रदर्शन केलं. बर्नाडेट तोवर दूर नव्हेरच्या मठात होती. सेवा खरी होती, हे नाकारायचं नाही. पण ती वरून खाली येणारी होती.

सेनापतींची मरिया हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि भक्तिपर लेखन तो टाळतं. स्पॅनिश जहाजांबरोबर अमेरिकेत जी आली ती आधी विजेत्यांची मरिया. न्यू मेक्सिकोतल्या सान्ता फे शहरात तिच्या एका जुन्या मूर्तीचं नावच ‘ला कॉन्किस्तादोरा’, म्हणजे जिंकणारी. चिलीच्या लष्कराची अधिकृत संरक्षक कार्मेलची मरिया. ७ सप्टेंबर १९८६ रोजी हुकूमशहा पिनोशेवर प्राणघातक हल्ला झाला, तो वाचला, आणि गाडीच्या तडकलेल्या काचेवर मरियेची आकृती उमटली होती असं तो सांगू लागला. त्याच्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या आया त्याच मरियेसमोर मेणबत्त्या लावत होत्या.

निकाराग्वात तर दोन्ही बाजू थोड्याच वर्षांच्या अंतराने भेटतात. सोलेन्तिनामेच्या बेटांवर एर्नेस्तो कार्देनाल हे कवी धर्मगुरू रविवारी प्रवचनाऐवजी शेतकरी-मच्छीमारांना शुभवर्तमानावर बोलतं करत. १९७० च्या दशकात त्या चर्चा पुस्तकरूपाने आल्या. मरियेचं गीत हेरोद राजाने ऐकलं असतं तर तो काय म्हणाला असता, असा प्रश्न निघतो आणि ती कम्युनिस्ट आहे असं म्हणाला असता, हे उत्तर खेडूत हसत देतात. कार्देनाल पुढे डाव्या सान्दिनिस्ता सरकारात मंत्री झाले. १९८० मध्ये त्याच देशात क्वापा गावच्या चर्चमधल्या एका सेवेकऱ्याला मरियेचं दर्शन झाल्याची बातमी आली आणि सरकारच्या विरोधकांनी तिचा आधार घेतला. क्वापाचा तो माणूसही गरीबच होता. गरीब सगळे एका पक्षाचे असतात, हा डाव्यांचा गोड गैरसमज मरियाभक्तीने अनेकदा मोडला आहे.

आता धर्मशास्त्र. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झालं: मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढावा, की चर्चविषयक दस्तऐवजातच तिला एक प्रकरण द्यावं? १,११४ विरुद्ध १,०७४ मतांनी दुसरा पर्याय निवडला गेला. चाळीस मतांच्या फरकाने मरिया चर्चच्या डोक्यावरून खाली उतरून चर्चच्या लोकांत आली, असं या निकालाचं सार सांगता येईल. त्या प्रकरणात देवाच्या दीनदुबळ्यांमध्ये तिची गणना स्पष्टपणे झाली. १९७४ मध्ये सहाव्या पॉलने ‘मारियालिस कुल्तुस’ या पत्रात आणखी पुढचं पाऊल टाकलं. मरिया म्हणजे मुकाट सोसणारी बाई नव्हे. गरिबी, पलायन आणि परदेशातला आसरा हे सगळं भोगलेली आणि पिचलेल्यांची बाजू देव घेतो असं ठणकावणारी स्त्री आहे, असा त्याचा रोख आहे.

याच काळात लॅटिन अमेरिकेतही वारं बदलत होतं. १९६८ मध्ये मेदेयीन आणि १९७९ मध्ये पुएब्ला इथे तिथल्या बिशपांनी गरिबांना प्राधान्य देण्याची भाषा स्वीकारली. गुस्ताव्हो गुतिएरेस यांचं मुक्तीच्या धर्मशास्त्रावरचं पुस्तक १९७१ चं. १९८४ मध्ये व्हॅटिकनमधल्या कार्डिनल रात्सिंगर यांच्या कार्यालयाने या विचारावर कडक टीका केली. पण १९८६ च्या दुसऱ्या निवेदनाचा शेवट मरियेच्या गीताकडेच वळला आणि १९८७ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने आपल्या परिपत्रात गरिबांवरचं प्रेम त्या गीतापासून तोडता येत नाही, असं मान्य केलं. चळवळीला लगाम आणि तिच्या मरियेला संमती, असा हा व्यवहार होता.

स्त्रियांनी मात्र दोन्ही बाजूंना जाब विचारला. १९७३ मध्ये एव्हलिन स्टीव्हन्स यांनी ‘मारियानिस्मो’ हा शब्द चालवला: लॅटिन अमेरिकेत बाईने मरियेसारखं सोसत राहावं, या अपेक्षेला दिलेलं नाव. मरीना वॉर्नर यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की कुमारी आणि माता एकाच वेळी असणारा आदर्श कुठल्याही बाईला गाठता येत नाही, म्हणून तो तिला कायम कमी ठरवतो. ब्राझीलच्या इव्होने जेबारा आणि मारिया क्लारा बिंजेमर यांनी मरियेला गरिबांची आई म्हणून पुन्हा मांडलं. जेबारा या धर्मभगिनी ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या गरीब वस्तीत राहून लिहीत होत्या. गर्भपाताबद्दलच्या मतांमुळे १९९५ मध्ये चर्चने त्यांना दोन वर्षं मौन पाळायला लावलं. ठणकावणारी मरिया पोपच्या पत्रात चालते, ठणकावणारी सिस्टर चालत नाही.

आणि ब्राझीलच आणखी एक अवघड प्रश्न घालतो. १७१७ मध्ये पाराइबा नदीत तीन मच्छीमारांच्या जाळ्यात आधी धड आणि मग डोकं अशी सापडलेली काळसर आपारेसिदा ही त्या देशाची संरक्षक माता. २००७ मध्ये लॅटिन अमेरिकेतले बिशप तिच्याच गावी जमले आणि मसुदा समितीचे प्रमुख होते बुएनोस आइरेसचे बर्गोलियो, पुढचे पोप फ्रान्सिस. तरीही २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमधले कॅथलिक ५६.७ टक्क्यांवर आले आणि इव्हँजेलिकल २६.९ टक्क्यांवर गेले. मरियेची मूर्ती न मानणाऱ्या या चर्चांची मोठी ताकद शहरांच्या कडेच्या गरीब वस्त्यांत आहे. गरिबांची कैवारी गरिबांनीच का सोडली? माझ्या मते कारण मूर्तीत नाही. त्या वस्तीत प्रवचन करणारा पाद्री वस्तीतलाच असतो, आणि कॅथलिक धर्मगुरू महिन्यातून एखादे वेळी येतो.

बर्गोलियोंना हे कळलं होतं असं दिसतं. बुएनोस आइरेसच्या ‘विया २१-२४’ या झोपडपट्टीत पॅराग्वेहून आलेले मजूर आपल्या काआकुपेच्या मरियेला भजतात. १९९७ मध्ये तिची मूर्ती तिथे आणली गेली. बर्गोलियो आर्चबिशप असताना बसने तिथे जात. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना रोममधल्या सान्ता मारिया माज्जोरे महामंदिरात पुरलं आणि पायऱ्यांवर शवपेटी घ्यायला बेघर, कैदी आणि स्थलांतरित उभे होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला व्हॅटिकनने टिपण काढून मरियेला ‘सह-उद्धारक’ म्हणू नये, असं सांगितलं. मुकुटांची चढती भाजणी निदान तूर्त तरी थांबली आहे.

गोव्यात मरिया आली तीही विजेत्यांच्या गलबतातून. आल्फोन्सो दे आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर जुन्या गोव्याच्या टेकडीवर तिचं देऊळ बांधवलं. पण किनाऱ्याने तिला लगेच आपलंसं केलं. १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सने तिची कथा मराठी ओवीत घातली. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, असं गोंयकार सांगतात आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन रांगेत उभे राहतात. वांद्र्याच्या मोत माउलीची मूर्ती समुद्रात कोळ्याला सापडली, असं कोळी सांगतात. १७३९ च्या मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत ती माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हलवली होती. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. मुंबईत कुणाला काय हवं आहे त्याची ती यादीच. तमिळनाडूतल्या वेळांकणीला मरिया दिसली ती मालकाचं दूध पोचवणाऱ्या पोराला आणि ताक विकणाऱ्या पांगळ्याला, अशी कथा आहे. महाराष्ट्र-गोव्यातूनही दर सप्टेंबरला तिकडे यात्रेकरू जातात.

हे चित्र सुखावणारं आहे आणि अपुरं आहे. ब्राझीलमध्ये गुलामांना हात देणारी बंधुमंडळं गोव्यात कोंफ्रारीया म्हणून आली आणि जातीजातींत वाटली गेली. मोठ्या फेस्ताचा मान गावकार घराण्यांचा, खालच्या मानलेल्यांची कोंफ्रारीया वेगळी, खांद्यावरच्या वस्त्राचा रंगही वेगळा. रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातल्या एका गावाचा अभ्यास करून हे तपशिलात नोंदवलं आहे. तमिळनाडूत एरैयूर गावी दलित कॅथलिकांनी वेगळ्या चर्चची मागणी केली. मार्च २००८ मध्ये वन्नियार कॅथलिकांशी संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. दलित वस्तीतून मिरवणूक न नेणं, मयताची तिरडी वेगळी ठेवणं, ही तिथली जुनी तक्रार होती. मरियेच्या देवळात जपमाळ दोघेही ओढत होते.

म्हणून भारतीय चर्चला मरियेबद्दल नवं प्रवचन नको आहे. मिरवणुकीचा मार्ग, फेस्ताचा मान आणि मंडळाचं सभासदत्व यांचे नियम प्रत्येक धर्मग्रामाने उघड करावेत आणि जात जिथे आडवी येते तिथे ते बदलावेत. आणि मराठी अभ्यासकांना एक विनंती. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे तिथे मरियेला पत्रं लिहितात: नोकरी, खोली, आजार, दारुडा नवरा, परदेशी गेलेला मुलगा. गरिबांनी मरियेकडे काय मागितलं याची इतकी सलग नोंद या शहरात दुसरीकडे मिळणं कठीण. नावं झाकून, चर्चच्या परवानगीने, ती पत्रं जपून ठेवण्याचं आणि वाचण्याचं काम कुणीतरी हाती घ्यावं.